दोन म्हातारे आणि सहा व्होल्ट

चूक दादा आणि नाना या दोघा भावांची. थोरल्याची थोडी जास्त, धाकट्याची त्याहून थोडी जास्त. हे आधीच सांगून टाकते, कारण शेवटी सगळे मिळून "बॅटरीच खराब निघाली" असं म्हणणार होते, आणि म्हणालेच.

ती खराब निघालेली बॅटरी मी. बागेतलं गवत कापायच्या एका जुन्या ट्रॅक्टरच्या सीटखाली मला बसवलं होतं. मोठ्या माणसांबद्दल असं बोलू नये म्हणतात. ज्यांना मोठ्या माणसांनी उलटसुलट करून ठेवलेलं नाही, त्यांनी बोलू नये.

माझा जन्म कारखान्यात झाला. शिशाच्या प्लेटा, मध्ये जाळीचे पडदे आणि काळ्या डब्यात तीन घरं. एकेका घराचे दोन व्होल्ट. तीन दुणे सहा, एवढं गणित मला जन्मजात येतं. डोक्यावर दोन खुंट. एक जाड, त्याच्याशी अधिकची खूण. एक बारीक, त्याच्याशी वजाची. या खुणा रंगवलेल्या नाहीत, ओतीव आहेत. दिवे गेले तरी बोटाने चाचपून कळतात. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढे दोन डोळस माणसांना भर उजेडात कळलं नाही.

दुकानात मी वरच्या फळीवर कोरडीच पडून होते. खालच्या फळीवर बारा व्होल्टच्या धिप्पाड बॅटऱ्या. त्या येताजाता विचारायच्या, "तू कुणाची गं? खेळण्यातली का?" सहा व्होल्टचं गिऱ्हाईक वर्षात एखादं यायचं, तेही पत्ता विचारायला.

मग एके दिवशी दादा आणि नाना आले. दुकानात शिरतानाच भांडत होते, त्यामुळे दुकानदाराला वाटलं दोघं वेगवेगळी गिऱ्हाइकं आहेत. त्याने मला खाली काढलं, फुंकर मारून धूळ उडवली, बुचं काढली आणि पोटात ॲसिड ओतलं. त्या क्षणी काय वाटलं ते सांगता येणार नाही. इतके दिवस नुसतं शिसं होते, आता आतून काहीतरी हुळहुळायला लागलं. त्याने चार्जरचे चिमटे लावले आणि बजावलं, "पहिलं चार्जिंग आहे. उद्या संध्याकाळी न्या. हे अर्धवट राहिलं तर ही जन्मभर अर्धवट राहील."

हीच माझी शाळा. आणि मला आवडत होती. हळूहळू पोट भरत होतं, बारीक बुडबुडे येत होते, डोकं चालायला लागलं होतं. पूर्ण भरले की काय काय करेन याचे बेत मी करत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना हजर.

"झालं असेल की."

"संध्याकाळी म्हणालो होतो, काका."

"अहो, उरलेलं ती चालता चालता शिकेल. मी शेकडो पोरांना रस्त्यावरच शिकवलंय."

आणि दुकानदाराने, ज्याने आदल्या दिवशी एवढं व्याख्यान दिलं होतं, खांदे उडवून चिमटे काढले. तोही मोठा माणूसच. माझी शाळा तिथे सुटली. पुढे काही बिघडलं की लोक म्हणणार, हिने शिक्षण अर्ध्यात सोडलं. सोडलं नाही. ओढून काढलं.

आता या दोघांची ओळख करून देते.

दादा आयुष्यभर दवाखान्यात कंपाउंडर होते. बाटल्या भरायच्या, पुड्या बांधायच्या, चिठ्ठ्या चिकटवायच्या. निवृत्त झाले तरी हात थांबेनात. गॅरेजमधले सगळे स्क्रू औषधाच्या बाटल्यांत, प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी. ट्रॅक्टरच्या पेट्रोलच्या टाकीवर त्यांनी "वापरण्यापूर्वी चांगले हलवा" असं चिकटवलंय. ट्रॅक्टर हलवायचा की पेट्रोल, ते लिहिलेलं नाही. वायरींना कापडाचं वेष्टण होतं, ते उंदरांनी जागोजागी कुरतडलं होतं. तिथे तिथे दादांनी जखमेची चिकटपट्टी लावलीय, आत कापसासकट. अख्खा ट्रॅक्टर अपघातातून वाचल्यासारखा दिसतो.

नाना ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. शेजारच्या सीटवर बसून दुसऱ्याच्या चुका बघायची इतकी सवय, की खुर्चीत बसून पेपर वाचतानाही बातमी आवडली नाही की त्यांचा उजवा पाय ब्रेक दाबतो. त्यांना गोड खायची बंदी आहे, आणि ही बंदी दादांनी घातलेली आहे. त्यामुळे नानांची चॉकलेटं ट्रॅक्टरच्या हत्यारांच्या पेटीत पान्यांखाली असतात.

आणि ट्रॅक्टर. त्यांच्या वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, घेतलेला. दोघंही पोरपणी त्याच्या मडगार्डवर बसून बागेत फिरलेले. अप्पा गेले, मडगार्ड गंजलं, पण ट्रॅक्टर काही गेला नाही. मला सीटखाली बसवल्याबरोबर तो सुरू झाला. इंजिन नव्हे, तोंड.

"आमच्या वेळी बॅटऱ्या दणकट असत."

मी म्हटलं, "आहेत कुठे त्या?"



या घराचा एक रिवाज आहे, तो समजल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. इथे माफी कुणी मागत नाही. म्हणजे तो शब्दच घरात नाही. भांडण झालं की दोघं दोन खोल्यांत जाऊन बसतात आणि मग ज्याला पाझर फुटेल तो गुपचूप दुसऱ्याच्या मनासारखं करून ठेवतो. खिडकी उघडी हवी की बंद यावरून वाजलं असेल, तर बंदवाला हळूच जाऊन उघडून येतो. बोलायचं नाही, दाखवायचं नाही. अप्पांपासून हेच चालू आहे. लोकांना हे फार गोड वाटेल. मला नाही वाटत. तोंड असून न वापरणाऱ्यांचा मला राग येतो, कारण मला तोंड नव्हतं आणि सगळं माझ्यावरच आलं.

मी आले त्याच दिवशी ताई गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली. ताई म्हणजे दादांची मुलगी. मातीची भांडी करते आणि या दोघांना सांभाळते. दोन्हींत तडे कुठे जातात ते तिला माहीत आहे.

"बाबा, काका, रविवारी मला ही जागा रिकामी हवीय. माझी भट्टी येतेय."

"मग ट्रॅक्टर कुठे ठेवायचा?" दादांनी विचारलं.

"मागच्या शेडमध्ये. स्वतःच्या पायांनी जाणार असेल तर. नाहीतर भंगारवाल्याला सांगून ठेवलंय. तो रविवारी फाटकाशी येऊन थांबणार आहे."

"सुरू नाही झाला तर आम्ही ढकलू की," नाना म्हणाले.

"चढ आहे तो. मागच्या वेळी ढकलताना तुमची कंबर धरली, आणि तुम्हाला उचलताना बाबांची. मी दोघांना आळीपाळीने शेकत बसले होते. या वेळी ढकलायचं नाही. चालला तर राहील, नाही चालला तर जाईल."

"अप्पांचा आहे गं तो."

"म्हणून तर इतकी वर्षं गप्प बसले."

ती गेली. दोघं भाऊ ट्रॅक्टरकडे बघत राहिले. नानांचा पाय ब्रेक दाबत होता.

मला मात्र पुढचं दिसत होतं. भंगारवाला ट्रॅक्टर नेतो तेव्हा सगळ्यात आधी बॅटरी उपटतो. घणाने डबा फोडतो आणि शिसं वितळवतो. ट्रॅक्टरची निदान सीट तरी कुणीतरी अंगणात स्टूल म्हणून ठेवली असती. माझं काहीच उरलं नसतं. आणि माझं तर अजून पोटही भरलं नव्हतं.

तर, वायरिंग. साधं आहे, घाबरू नका. बॅटरीच्या एका खुंटाची वायर इंजिनाकडे जाते आणि दुसऱ्या खुंटाची पट्टी ट्रॅक्टरच्या लोखंडी अंगाला, म्हणजे बॉडीला. हल्लीच्या सगळ्या गाड्यांत बॉडीला वजा जातो. पण हा ट्रॅक्टर जुना. याच्या कंपनीने बॉडीला अधिक लावला होता. त्या काळी तसंही करत.

दादांना हे माहीत होतं, कारण अप्पांनी त्यांना शिकवलं होतं. त्यांनी माझा अधिकचा खुंट बॉडीच्या पट्टीला जोडला आणि पट्टीवर लाल चिकटपट्टी गुंडाळली. अधिक म्हणजे लाल. अगदी बरोबर केलं. म्हाताऱ्यांचं एवढं एक काम मी मान्य करते.

चावी फिरवली. मी अर्धपोटी होते, तरी सगळा जोर लावला. सेल्फ घरघरला, इंजिन खोकलं आणि चालू झालं. दोघांच्या तोंडावर असं काही हसू आलं की मलाही जरा बरं वाटलं. दादांनी लगेच बंद केलं, पेट्रोल वाया जातं म्हणून.

मग नाना वाकले आणि त्यांना लाल पट्टी दिसली.

"दादा, उलटी लावलीस की रे."

"सुलटीच आहे. अप्पा अशीच लावायचे."

"अप्पा चष्मा उलटा घालायचे, तोही घालू का? जगात कुठेही बघ, काळी बॉडीला जाते. मी पोरांना हेच शिकवलं आयुष्यभर."

"तू पोरांना फक्त ब्रेक शिकवलास."

"आणि तू कधी गाडी चालवलीस का? चमचे मोजण्यात जन्म गेला."

हे पंधरा मिनिटं चाललं. त्यात अप्पांनी सायकल कुणाला आधी दिली होती, तेही आलं. दादा "तुला काय करायचं ते कर" म्हणून घरात गेले. हे वाक्य नानांना कधी म्हणू नये. त्यांनी लगेच पाना काढला आणि माझी तोंडं बदलली, म्हणजे एका खुंटाची वायर दुसऱ्याला लावली.

आता माझे खुंट सारखे नाहीत हे सांगितलंच. जाड खुंटाच्या वायरीची कडी बारीक खुंटावर ढिली होते. नानांनी पान्यांखालचं चॉकलेट काढलं, खाल्लं आणि त्याची चांदी खुंटाभोवती गुंडाळून कडी घट्ट बसवली. बारीक कडी जाड खुंटावर हातोडीने ठोकली. माझ्या डोक्यावर, हातोडीने. मग विजयी मुद्रेने चावी फिरवली.

इंजिन सुरू झालं. तेवढ्याला मी कशीही लावली तरी चालते. पण इंजिन चालू झालं की डायनामो फिरतो आणि मला भरायला लागतो. जुना डायनामो, अप्पांच्या काळापासून एकाच बाजूने वीज देणारा. मी उलटी बसलेली. तो मला भरायच्या ऐवजी ओरबाडायला लागला. आमच्या दोघांच्या मध्ये कटआऊट नावाची डबी असते. तिचं काम दरवानाचं. डायनामो फिरत असेल तेव्हा जोडायचं, थांबला की तोडायचं. त्या दरवानाचे ओठ जळून एकमेकांना चिकटले. चर्र झालं, धूर आला, वास सुटला.

नानांनी चावी बंद केली. इकडेतिकडे बघितलं. धूर पेपराने हलवला. आणि शीळ घालत घरात गेले.

मी ओरडत होते, दार उघडं राहिलंय, दार उघडं राहिलंय. कोण ऐकणार. सकाळपर्यंत माझ्यातली वीज त्या बंद डायनामोत वाहून गेली. थेंबही उरला नाही.

ट्रॅक्टर म्हणाला, "आमच्या वेळी..."

मी म्हटलं, "एक शब्द बोलू नकोस."

दुसऱ्या दिवशी नाना सगळ्यांच्या आधी उठले, ताईची नखं घासायची कानस घेऊन आले आणि कटआऊटचे चिकटलेले ओठ सोडवून घासून ठेवले. कानस काळी झाली, ती त्यांनी तशीच तिच्या खणात ठेवून दिली. खुंटांवर सढळ हाताने ग्रीस थापलं, म्हणजे चॉकलेटची चांदी दिसू नये. खुणाही झाकल्या गेल्या. झालेल्या प्रकाराबद्दल कुणाला काही सांगितलं नाही.

मग दादा आले. चावी फिरवली, टक् सुद्धा झालं नाही. "उतरली," ते म्हणाले. ताप उतरल्यासारखं म्हणाले. मग चार्जर घेऊन आले.

आणि इथे ती चूक झाली, जी फक्त कंपाउंडरच करू शकतो. कंपाउंडर बाटलीत काय आहे ते बघत नाही, चिठ्ठी बघतो. दादांनी माझ्या डोक्याकडे बघितलंच नाही. त्यांनी स्वतःच्या हाताने लावलेली लाल पट्टी शोधली आणि चार्जरचा लाल चिमटा तिथे लावला. त्यांच्या हिशेबाने लाल पट्टीच्या टोकाला माझा अधिक होता. तिथे आता वजा होता. ग्रीस पुसून बोट फिरवलं असतं तर कळलं असतं. पण आपल्याच हस्ताक्षरावर संशय कोण घेतो?

रिकाम्या बॅटरीला उलटं भरलं की काय होतं, माहीत आहे? ती उलटी होते. थोडी भरलेली असते तर मी विरोध केला असता. पहिलं चार्जिंग पूर्ण झालेलं असतं तर जरा जोरात केला असता. पण पोट रिकामं, शाळा अर्धवट. चार्जरने जे शिकवलं ते शिकले. दिवसभर आणि मग सकाळपर्यंत. अधिकच्या प्लेटा वजा झाल्या, वजाच्या अधिक. कुणीतरी तुम्हाला झोपेत डावखुरं करून उठवलं तर कसं वाटेल, तसं. डोक्यावरच्या खुणा मात्र जुन्याच. म्हणजे माझ्या चेहऱ्यावर एक लिहिलेलं आणि मी दुसरीच.

दादांनी दिवा लावून बघितला. दिव्याला काय, कुठूनही आली तरी वीज. तो लागला. "गुण आला," दादा म्हणाले.

जरा थांबून हिशेब समजून घ्या, कारण पुढे सगळं यावरच आहे. नानांनी जोडण्या उलट्या केल्या होत्या. दादांनी मला उलटं केलं. उलट्याचं उलट झालं, म्हणजे आता सगळं बरोबर होतं. बॉडीला खरा अधिक जात होता, अप्पांच्या वेळेसारखा. या क्षणी दोघांनी गॅरेजला कुलूप लावून रविवारपर्यंत लांब राहायला हवं होतं. तेवढंच. काही न करणं. पण ते कुठल्याच म्हाताऱ्याला जमत नाही.

शनिवारी नानांना पाझर फुटला.

दुपारी दादा आडवे झाले तेव्हा नाना चोरपावलांनी आले. माझ्यासमोर स्टुलावर बसले आणि माझ्याशी बोलले. माणसं एकमेकांशी बोलत नाहीत, बॅटरीशी बोलतात.

"मेल्या धुराचं सांगू कसं त्याला? त्याचंच बरोबर होतं. अप्पांनी त्याला शिकवलं, मला नाही शिकवलं, याचाच राग येतो बघ मला." मग नाक ओढलं. "जाऊ दे. त्याच्याच मनासारखं लावतो. उद्या चालला म्हणजे बास."

आणि त्यांनी माझी तोंडं बदलून दादांच्या पद्धतीने लावली. चॉकलेटची चांदी काढून खिशात टाकली. मी जीव तोडून सांगत होते, काका, आता नको, आता तसंच ठेवा. मला आतून एवढा राग आला होता की ॲसिड गरम झालं. त्यांनी माझ्यावर थोपटलं आणि गेले.

म्हणजे आता पुन्हा चूक. सकाळी इंजिन सुरू होणार, डायनामो ओरबाडणार, अर्ध्या चढावर धूर निघणार. फाटकाशी भंगारवाला. मी ट्रॅक्टरला म्हटलं, "संपलं आपलं."

तो म्हणाला, "आमच्या वेळीही असंच व्हायचं." पहिल्यांदा खरं बोलला.

रविवारी सकाळी भंगारवाला वेळेआधीच आला. फाटकाशी गाडी लावून, बोनेटवर बसून बिस्किटं खात होता. ताईने त्याला चहा दिला. नाना अंघोळीला गेले होते.

तेवढ्यात दादा गॅरेजमध्ये आले. हातात पाना. रात्रभर झोप लागली नसावी, डोळे तसे दिसत होते. त्यांनी माझ्या खुंटांवरचं ग्रीस फडक्याने पुसलं, आणि या वेळी खुणा नीट बघितल्या. अधिक बॉडीला. त्यांच्या मते जशी त्यांनी पहिल्या दिवशी लावली तशीच.

"तीस वर्षं मास्तर होता तो," दादा मला म्हणाले. "मी चमचे मोजत होतो ते खरंच आहे. आणि सायकल मलाच दिली होती आधी. एकदा तरी त्याच्या मनासारखं होऊ दे."

मी श्वास रोखून धरला. बॅटरीला श्वास नसतो, पण बुडबुडे असतात. ते रोखले.

दादांनी तोंडं बदलली. जाड कडी बारीक खुंटावर ढिली झाली. त्यांच्याकडे चॉकलेट कुठलं. त्यांनी खिशातून रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी काढली, दोन गोळ्या तोंडात टाकल्या, खरं तर एकच घ्यायची होती, आणि पट्टीची चांदी सोलून खुंटाला गुंडाळली. कडी बसली.

पुन्हा उलट्याचं उलट. पुन्हा सगळं बरोबर. माझ्या तिन्ही घरांत एकदम उकळी फुटली.

सगळे जमले. नाना सीटवर बसले, दादा बाजूला उभे राहिले. ताई भट्टीच्या खोक्याला टेकून बघत होती. भंगारवाल्याने बिस्किटाचा पुडा खिशात ठेवला. नानांनी चावी फिरवली.

मी दिलं. जे होतं ते सगळं दिलं. उलट्या प्लेटांतून, अर्धवट शिक्षणातून. सेल्फ घरघरला, थांबला, पुन्हा घरघरला. इंजिन पेटलं.

"क्लच," नाना स्वतःलाच म्हणाले. "क्लच, क्लच, हळू सोड."

ट्रॅक्टर गॅरेजबाहेर पडला. कुंपणाच्या कडेने वळला आणि चढाला लागला. डायनामोने मला पहिल्यांदाच ओरबाडलं नाही. भरायला लागला. म्हाताऱ्याचा हात जड होता, पण भरवत होता. मी अर्ध्या चढापर्यंत तग धरून होते. मग मधल्या घरात काहीतरी सुटलं. उलटंपालटं होऊन प्लेटा खिळखिळ्या झाल्या होत्या. त्यांचा लगदा तळाशी कोसळला आणि ते घर आतल्या आत बंद पडलं. इंजिनाने उचकी दिली. भंगारवाला दोन पावलं पुढे आला.

"ब्रेक नको, ब्रेक नको," दादा धावत ओरडत होते.

नानांचा उजवा पाय हवेत होता. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरून ठेवला. स्टिअरिंग तेवढा वेळ कोण सांभाळत होतं, देव जाणे. डायनामोने उरलेला भार उचलला, इंजिन सावरलं, आणि आम्ही धडधडत, वाकड्या वळलेल्या चाकांनी, कोथिंबिरीच्या वाफ्यातून शेडमध्ये शिरलो. भिंतीला लागून थांबलो. भिंतीला जरा जास्तच लागून.

भंगारवाला ताईला म्हणाला, "हा चालतोय की."

"चालतोय," ताई म्हणाली, आणि पदराने, नाही, मातीने माखलेल्या फडक्याने, डोळे पुसले. तिला वाटलं कुणी बघत नाहीये.

आता तुम्हाला वाटेल सगळं गोड झालं. ऐका.

नाना खाली उतरले, दादांजवळ गेले आणि मोठ्या मनाने म्हणाले, "तुझंच बरोबर होतं, दादा. अधिक बॉडीला."

दादा म्हणाले, "नाही रे. तुझंच बरोबर. वजा बॉडीला. बघितलंस ना, कसा चालला."

"वजा कुठला? मी काल स्वतः तुझ्यासारखी लावली."

"मी आज सकाळी तुझ्यासारखी लावली."

"उगाच मन राखायला बोलू नकोस."

"मी कशाला तुझं मन राखू?"

नानांनी सीट उचलली. माझ्या बारीक खुंटावर रक्तदाबाच्या गोळ्यांची चांदी चमकत होती, अर्धं नाव अजून वाचता येत होतं. नानांनी ते वाचलं. मग खिशातून स्वतःची चॉकलेटची चांदी काढून शेजारी धरली. दादांनी तीही बघितली.

"चॉकलेट खाल्लंस?"

"तू गोळ्या जास्त घेतल्यास?"

 मला वाटलं, आता तरी मिठी मारतील. शेडच्या दारात ताईही थांबली होती, तिलाही तसंच वाटलं असावं.

"तरीपण," दादा म्हणाले, "वजा बॉडीला लावल्यावर चालला. म्हणजे तू म्हणतोस तेच खरं."

"मुळीच नाही. त्या दिवशी मी वजा लावला तेव्हा धूर निघाला होता. तुझंच खरं."

"धूर निघाला होता? आणि तू आज सांगतोयस?"

तेव्हापासून तेच चालू आहे. फक्त बाजू बदलल्यात. आता दादा वजाच्या बाजूने भांडतात आणि नाना अधिकच्या. अप्पांची सायकलही आता दोघं एकमेकांना देऊन टाकतात आणि त्यावरून भांडतात.

नंतर दुकानदार आला. त्याने माझ्या खुंटांना मीटर लावला. काटा उलटा गेला. त्याने मीटर हलवला, आपटला, म्हणाला, "मीटर बिघडलाय." मग मीटरची टोकं बदलून लावली आणि आकडा वाचला. वाचून म्हणाला, "बॅटरीच खराब निघाली." दोघा भावांनी माना डोलावल्या. त्या दोघांचं एकमत मी तेवढं एकदाच पाहिलं.

ट्रॅक्टरमध्ये आता नवी आहे. वर शेडमध्ये असते. मला तिची भीती वाटते, म्हणजे तिच्यासाठी. ताईने दुकानदाराला दम दिला आणि तिचं पहिलं चार्जिंग पूर्ण करून घेतलं, एवढं बरं. ताईनेच मला फेकू दिलं नाही. तिच्या भट्टीच्या खोलीच्या दाराला घंटी आहे, ती माझ्यावर चालते. तिला माझी कुठली बाजू कुठली, याने काही फरक पडत नाही. कुणी बटण दाबलं की घंटी वाजते, घसा बसल्यासारखी. बहुतेक वेळा बाहेर दादा नाहीतर नाना असतात, दुसऱ्याची तक्रार घेऊन आलेले.

तुमच्या घरी जुना ट्रॅक्टर असेल, स्कूटर असेल, काहीही असेल, तर बॅटरीला हात लावण्याआधी तिच्या डोक्यावरची खूण बघा. स्वतःची चिठ्ठी बघू नका. आणि भावाचं चुकलं असेल तर भावाला सांगा, तुमचं चुकलं असेल तरी भावालाच सांगा. पाना हातात घेऊ नका.

मी सहा व्होल्टची होते. आता चारची आहे.